लिनक्सवर दोन मॉनिटरची मांडणी कायम कशी ठेवायची

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला, सेटिंग उघडून तो उजव्या हाताला सरकवला, मुख्य स्क्रीन कोणती ते ठरवलं, सगळं मनासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. किंवा माउस डावीकडे न्यावा तर तो उजव्या मॉनिटरवर उगवतो. पुन्हा सेटिंग, पुन्हा तेच. विंडोजवरून नव्याने उबंटू किंवा मिंटवर आलेल्या माणसाचा लिनक्सवरचा विश्वास उडायला एवढं पुरेसं असतं.

यातली मेख अशी की मॉनिटरची मांडणी लिनक्समध्ये एका जागी नसते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना स्वतःच्या अंदाजाने पडदे लावतो. मग लॉगिन स्क्रीन येते. ती वेगळ्याच युजरच्या नावाने चालते, त्यामुळे तुमची फाइल तिच्या गावीही नसते. त्यानंतर डेस्कटॉप येतो आणि आपली फाइल वाचतो. आणि त्याच्याही मागून, कुठेतरी वाचून तुम्ही ऑटोस्टार्टमध्ये टाकलेली स्क्रिप्ट धावते. जो शेवटी बोलतो त्याचं चालतं. बाराभाईंची शेती, दुसरं काय! म्हणून पुढचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे: तुमच्या मशीनवर पडद्यांचा शेवटचा मालक कोण ते ओळखायचं, मांडणी त्यालाच सांगायची आणि बाकीच्यांना गप्प करायचं.

एक सूचना आधीच. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा; जिथे कॅपिटल लागतात तिथे तसं सांगितलं आहे. टिंब, तिरकी रेघ, डॅश आणि ~ हे चिन्ह जसंच्या तसं. ~ म्हणजे तुमचं होम फोल्डर. टिंबाने सुरू होणारी फोल्डरं फाइल मॅनेजरमध्ये लपलेली असतात, ती कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसतात.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- अॅडमिनचा, म्हणजे सुडोचा पासवर्ड
- डिस्ट्रोचं (उबंटू, मिंट, फेडोरा असा लिनक्सचा प्रकार) नाव आणि आवृत्ती, आणि डेस्कटॉप कोणता (ग्नोम, सिनॅमन, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई)
- ग्राफिक्स कार्ड कोणाचं: इंटेल, एएमडी की एनव्हिडिया, एनव्हिडिया असेल तर कंपनीचा ड्रायव्हर टाकला आहे की नाही
- मॉनिटर नेमक्या कोणत्या पोर्टला लावला आहे, मध्ये डॉक (एका केबलवर अनेक पोर्टं देणारा डबा) किंवा कन्व्हर्टर आहे का
- मांडणी मनासारखी झाली की सेटिंगच्या खिडकीचा मोबाइलवर एक फोटो

आणि एक सुटकेची वाट माहीत असू द्या. पडदा काळा पडला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांचा साधा कन्सोल उघडतो, तिथे लॉगिन करून चुकीची फाइल हलवता येते. परत यायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२, मिंटवर बहुधा एफ७.

१. सेशन वेलँडचं की एक्स११चं ते पाहा

वेलँड आणि एक्स११ या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था; सेशन म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा तुमचा वावर. ही पायरी गाळली तर पुढची निम्मी मेहनत फुकट जाते. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक जुने उपाय एक्स११चे आहेत आणि आजचे डेस्कटॉप बहुतेक वेलँडवर चालतात. उबंटूने २१.०४पासून वेलँड आपलं नेहमीचं सेशन केलं, आणि २५.१०मध्ये तर ग्नोमचं एक्स११ सेशन काढूनच टाकलं. फेडोरा त्याच्याही आधी, २०१६ साली वेलँडकडे वळली होती. मिंटचं सिनॅमन मात्र अजून मुख्यतः एक्स११वर असतं.

टर्मिनल उघडा आणि हे लिहा:

एको $एक्सडीजी_सेशन_टाइप

डॉलर चिन्हानंतरचं सगळं कॅपिटलमध्ये. उत्तर 'वेलँड' किंवा 'एक्स११' असं येईल.

वेलँड असेल तर एक्सरँडआर नावाची कमांड विसरा. ती चालते, मॉनिटरांची यादीही दाखवते, म्हणून फसायला होतं. पण वेलँडमध्ये पडदे डेस्कटॉपच्या ताब्यात असतात आणि एक्सरँडआरला फक्त त्याचं प्रतिबिंब दिसतं. त्या कमांडने तिथे मांडणी बदलत नाही, टिकण्याचा तर प्रश्नच नाही.

२. पोर्टाचं खरं नाव शोधा

प्रत्येक जोडणीला एक नाव असतं. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बहुधा ईडीपी-१ (यातला ई लहान, डीपी कॅपिटल), खूप जुन्या लॅपटॉपवर एलव्हीडीएस-१. बाहेरच्यांना एचडीएमआय किंवा डीपी आणि पुढे आकडा. ईडीपीतला ई सोडला तर पोर्टांची ही नावं सगळी कॅपिटलमध्ये.

घोटाळा असा की एकाच भोकाला ड्रायव्हरप्रमाणे वेगवेगळी नावं पडतात. कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतो त्याला एक्स११चा सामान्य ड्रायव्हर एचडीएमआय-१ म्हणतो, इंटेलचा जुना ड्रायव्हर मधला डॅश गाळतो, एएमडीचा मोजणी शून्यापासून करतो, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर एचडीएमआय-० म्हणतो. दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधली ओळ तशीच उचलली की ती तुमच्याकडे चालत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. ड्रायव्हर बदलला तर तुमची स्वतःची जुनी स्क्रिप्टही याच कारणाने बंद पडते.

नावं पाहायला एक्स११वर नुसतं एक्सरँडआर. प्लाझ्मावर केस्क्रीन-डॉक्टर -ओ. ग्नोम ४८पासून जीडीसीटीएल शो. आणि कर्नलच्या नजरेतून पाहायचं तर कोणत्याही मशीनवर:

ग्रेप . /सिस/क्लास/डीआरएम/*/स्टेटस

ग्रेपच्या पुढे जागा सोडून एक टिंब, मग परत जागा. जोडलेल्या पोर्टापुढे 'कनेक्टेड' दिसतं. तिथेच तुमचा मॉनिटर 'डिसकनेक्टेड' असेल तर सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ. सरळ पुढची पायरी.

३. मॉनिटर आपली ओळख नीट देतो का

मॉनिटर जोडला की तो संगणकाला आपलं ओळखपत्र पाठवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. त्यात कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि चालणारी रिझोल्युशनं असतात. मूळ ओळखपत्र १२८ बाइटचं, आणि जास्तीची माहिती असेल तर १२८-१२८ बाइटच्या पुरवण्या. डेस्कटॉप 'हा तोच कालचा मॉनिटर' हे यावरूनच ओळखतो. ओळखच पटली नाही तर जपून ठेवलेली मांडणी लागू होत नाही.

तपासायला:

डब्ल्यूसी -सी /सिस/क्लास/डीआरएम/*/ईडीआयडी

जोडलेल्या मॉनिटरपुढे १२८, २५६ असा आकडा यायला हवा. शून्य आलं तर ओळखपत्र वाटेत हरवतंय. संशयित ठरलेले असतात.

स्वस्तातला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर हा पहिला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत दोनतीन नोटांत मिळणाऱ्या या डब्या कधी ईडीआयडी पुढे पाठवतात, कधी नाही, कधी स्वतःचंच खोटं ओळखपत्र दाखवतात. त्यामुळे आज मॉनिटर १९२० बाय १०८०, उद्या १०२४ बाय ७६८. मॉनिटरला थेट एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर कन्व्हर्टर काढून टाका. सगळ्या सेटिंगपेक्षा हा उपाय खात्रीचा.

दुसरा केव्हीएम स्विच, ज्याने एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन मशीनना वापरतात. मशीन बदललं की साधा स्विच पहिल्याला 'मॉनिटर गेला' असं कळवतो. घेतानाच ईडीआयडी धरून ठेवणारा, ज्यावर ईडीआयडी इम्युलेशन लिहिलेलं असतं, तो घ्यावा.

तिसरा प्रकार डिस्प्लेपोर्टचा. बरेच मॉनिटर झोपले किंवा बंद केले की डिस्प्लेपोर्टवरून जोडणीच तुटल्याचा संकेत जातो. डेस्कटॉप सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर कोंबतो. याचं औषध लिनक्समध्ये शोधू नका, मॉनिटरच्या बटणांनी उघडणाऱ्या मेनूत पाहा: डीप स्लीप बंद करा, आपोआप इनपुट शोधण्याचा पर्यायही बंद करा. लाइट जाते तेव्हाही हेच होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर मरतो, आणि लाइट आल्यावर खिडक्या भलतीकडे. मॉनिटरही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेतला की तो त्रास जातो.

आणि एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर. काही कंपन्या सगळ्या मॉनिटरांत एकच सीरियल नंबर भरतात किंवा तो रिकामाच सोडतात. अशा जुळ्यांना वेगळं ओळखायला फक्त पोर्ट उरतं. केबलवर चिकटपट्टी लावून 'डावा', 'उजवा' लिहा आणि केबल नेहमी त्याच भोकात घाला. हसण्यावारी नेऊ नका, या जोड्यांच्या बाबतीत याहून चांगला उपाय नाही.

४. मांडणी डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच करा

ग्नोम, सिनॅमन, प्लाझ्मा, एक्सएफसीई यांपैकी काही वापरत असाल तर मालक तोच डेस्कटॉप. स्क्रिप्टच्या मागे लागण्याआधी त्याला नीट सांगून पाहा. दहांतल्या आठांचं काम इथेच होतं, असा माझा अनुभव.

ग्नोम (उबंटू, फेडोरा). सेटिंग्ज, मग डिस्प्लेज. 'जॉइन' निवडा, चौकोन ओढून खऱ्या टेबलावर आहेत तसे लावा, प्रायमरी ठरवा, अप्लाय. यानंतर एक छोटी खिडकी येते आणि २० सेकंद मोजते. तिच्यातलं 'कीप चेंजेस' दाबलं तरच मांडणी फाइलमध्ये जाते. ती खिडकी कधीकधी नेमकी त्या पडद्यावर उगवते जिकडे तुमचं लक्ष नसतं. वेळ संपली की सगळं मागे जातं, आणि माणूस म्हणतो सेव्ह होत नाही.

लॅपटॉपवरच्या डिस्प्लेच्या बटणाने, किंवा सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) आणि पी दाबून केलेला बदल तात्पुरता असतो. प्रोजेक्टरसाठी ठीक आहे, कायमच्या मांडणीसाठी नाही.

फाइल असते ~/.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल. ती एकदा उघडून बघाच, कारण ग्नोम विचार कसा करतो ते तिच्यात दिसतं. त्यात एकच मांडणी नसते. जोडलेल्या मॉनिटरांच्या प्रत्येक संचासाठी एक वेगळा 'कॉन्फिगरेशन' भाग असतो, आणि प्रत्येक मॉनिटर चार गोष्टींनी लिहिलेला असतो: कनेक्टर, व्हेंडर, प्रॉडक्ट, सीरियल. लॅपटॉप अधिक घरचा मॉनिटर हा एक संच. लॅपटॉप अधिक ऑफिसचा हा दुसरा. झाकण बंद करून नुसता बाहेरचा हा तिसरा. प्रत्येक संच एकदा प्रत्यक्ष जोडून, लावून, 'कीप चेंजेस' म्हणावं लागतं. झाकण उघडं ठेवून केलेली मांडणी झाकण बंद केल्यावर दिसत नाही ती म्हणूनच. यूएसबी-सी डॉकवर डिस्प्लेपोर्टचे आकडे कधी कधी जोडणीगणिक बदलतात, आज डीपी-३ तर उद्या डीपी-५. तेव्हा ग्नोमला तो नवाच संच वाटू शकतो. डॉक नेहमी लॅपटॉपच्या त्याच पोर्टात लावल्याने हे बरंच आटोक्यात येतं.

फाइल लिहिलीच जात नसेल तर तिची मालकी तपासा: एलएस -एल ~/.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल. तिथे तुमच्या नावाऐवजी 'रूट' दिसलं तर कधीतरी सुडो लावून केलेल्या उद्योगाचा तो परिणाम. फाइल सुडो वापरून हलवा आणि सेटिंगमधून पुन्हा मांडणी करा, नवी फाइल तुमच्या नावाने तयार होते.

सिनॅमन (मिंट). मेनूतून डिस्प्ले. वागणूक ग्नोमसारखीच, पण मिंट २१च्या सुमारापासून फाइलचं नाव ~/.कॉन्फिग/सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल झालं. जुने लेख अजून मॉनिटर्स.एक्सएमएल पुसायला सांगतात आणि ती पुसून मिंटवर काहीच फरक पडत नाही.

केडीई प्लाझ्मा. सिस्टिम सेटिंग्ज, डिस्प्ले. प्लाझ्मा ५.२७मध्ये अनेक मॉनिटरांचं काम बरंचसं नव्याने लिहिलं गेलं, त्याआधीची आवृत्ती असेल तर आधी अपडेट करा, त्यातच बरीच दुखणी जातील. एक्स११वर मांडणी ~/.लोकल/शेअर/केस्क्रीन या फोल्डरात राहते. प्लाझ्मा ६च्या वेलँडमध्ये ती ~/.कॉन्फिग/क्विनआउटपुटकॉन्फिग.जेसन या एका फाइलमध्ये (उच्चार क्विन, स्पेलिंग केडब्ल्यूआयएन).

एक्सएफसीई. ४.१४पासून डिस्प्ले सेटिंगमध्ये 'अॅडव्हान्स्ड' टॅबवर प्रोफाइल करता येतात. पहिल्या टॅबवर मांडणी लावून अप्लाय करा, मग प्रोफाइलला नाव देऊन ठेवा, आणि नवा डिस्प्ले जोडल्यावर प्रोफाइल आपोआप लावण्याच्या चौकटीत खूण करा. ती खूण राहून गेली तर प्रोफाइल नुसतं पडून राहतं. याची फाइल डिस्प्लेज.एक्सएमएल नावाची, पण लॉगिन असताना ती हाताने बदलू नका. चालू सेशन मेमरीतली प्रत परत तिच्यावर लिहून टाकतं.

५. लॉगिन स्क्रीन वेगळी सांभाळा

आता मांडणी लॉगिननंतर बरोबर येते, पण पासवर्डची चौकट बंद झाकणाच्या लॅपटॉपवर किंवा उभ्या करून लावलेल्या मॉनिटरवर आडवी दिसते. हे बऱ्याच जणांना चालून जातं आणि चालत असेल तर ही पायरी सोडा. नसेल चालत तर:

जीडीएम (ग्नोमची लॉगिन स्क्रीन). तुमची मॉनिटर्स.एक्सएमएल तिला द्यायची. अलीकडच्या ग्नोममध्ये ती /ईटीसी/एक्सडीजी/ या फोल्डरात त्याच नावाने ठेवली की सगळ्या युजरांसाठी, लॉगिन स्क्रीनसाठीसुद्धा, वाचली जाते. जुन्या उबंटूवर जागा /व्हार/लिब/जीडीएम३/.कॉन्फिग/ ही, आणि तिथे ठेवल्यावर फाइलची मालकी 'जीडीएम' या युजरला द्यावी लागते. एक खोच: तुमच्या सेशनमध्ये १२५ किंवा १५० टक्के असं अपूर्णांकी स्केलिंग असेल आणि लॉगिन स्क्रीनला ती सोय चालू नसेल, तर ती फाइल मुकाट्याने दुर्लक्षिली जाते. फाइलच्या त्या प्रतीत स्केल १ किंवा २ करून पाहा.

एसडीडीएम (प्लाझ्माची). सिस्टिम सेटिंग्जमध्ये लॉगिन स्क्रीनच्या पानावर 'अप्लाय प्लाझ्मा सेटिंग्ज' असं बटण आहे. रंग, फॉन्ट यांच्याबरोबर पडद्यांची मांडणीही पोहोचते, मात्र एसडीडीएम स्वतः वेलँडवर चालत असेल तरच. एक्स११वर असेल तर एसडीडीएमच्या कॉन्फिगमध्ये एक्स११ विभागातल्या डिस्प्लेकमांड (डी आणि सी कॅपिटल) या ओळीला आपली एक्सरँडआरची स्क्रिप्ट जोडा. एक्ससेटअप नावाची तयार स्क्रिप्ट /यूएसआर/शेअरमध्ये असते, तिच्यातच ओळी घालायचा मोह होईल. पण पुढच्या अपडेटला ती कोरी होऊन परत येऊ शकते.

लाइटडीएम (मिंट, एक्सएफसीई). /ईटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम.कॉन्फ.डी/ या फोल्डरात स्वतःची छोटी फाइल करा. पहिली ओळ चौकोनी कंसात सीट:* (एस कॅपिटल), दुसरी ओळ डिस्प्ले-सेटअप-स्क्रिप्ट= आणि पुढे तुमच्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. स्क्रिप्टला सीएचमॉड +एक्स करून चालण्याची परवानगी द्यायला विसरू नका. आणि ती आधी टर्मिनलमध्ये हाताने चालवून पाहा. ती चुकली तर लाइटडीएम लॉगिन स्क्रीन उघडतच नाही, अशी वेळ येऊ शकते.

६. एक्स११वर स्क्रिप्टने काम करायचं असेल तर

आयथ्री, ओपनबॉक्ससारखे विंडो मॅनेजर, म्हणजे पूर्ण डेस्कटॉपऐवजी फक्त खिडक्या सांभाळणारे प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांना डेस्कटॉपची सेटिंग नसते. त्यांच्यासाठी मालक तुम्ही स्वतः.

एक्सरँडआर फक्त चालू सेशनपुरतं बोलतो. काही जपून ठेवणं हे त्याचं कामच नव्हे. उदाहरणार्थ:

एक्सरँडआर --आउटपुट ईडीपी-१ --ऑटो --आउटपुट एचडीएमआय-१ --प्रायमरी --ऑटो --राइट-ऑफ ईडीपी-१

ही ओळ लॉगआउट झाली की हवेत विरते. टाइप करायचा कंटाळा असेल तर एआरँडआर हा छोटा प्रोग्रॅम टाका. त्यात चौकोन ओढून मांडणी करता येते आणि ती ~/.स्क्रीनलेआउट/ मध्ये तयार स्क्रिप्ट म्हणून ठेवता येते. 'सेव्ह' म्हटलं म्हणून ती पुढच्या लॉगिनला आपोआप चालेल असं समजू नका. ती चालवायची व्यवस्था वेगळी करायची: आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये एक्झेकची ओळ, किंवा ~/.एक्सप्रोफाइल या फाइलमध्ये. स्टार्टएक्सने सेशन सुरू करणाऱ्यांनी ~/.एक्सइनिटआरसी.

ग्नोम किंवा प्लाझ्मावर मात्र .एक्सप्रोफाइलचा मार्ग धरू नका. ती फाइल आधी चालते, डेस्कटॉप नंतर उठतो आणि आपली मांडणी तिच्यावर चढवतो. मग लोक स्क्रिप्टमध्ये पाच सेकंद थांबायची ओळ घालतात, एके दिवशी मशीन सहा सेकंद घेतं, आणि रडगाणं पुन्हा सुरू.

लॅपटॉप घरी-ऑफिसात फिरत असेल तर ऑटोरँडर. हे माझं आवडतं साधन. एक्स११वर याच्या तोडीचं दुसरं नाही. मांडणी लावा, मग:

ऑटोरँडर --सेव्ह घर

('घर'च्या जागी रोमनमध्ये कोणतंही नाव.) ऑफिसात गेल्यावर तिथली मांडणी लावून दुसऱ्या नावाने तेच. मग ऑटोरँडर --चेंज म्हटलं की तो मॉनिटरांची ओळखपत्रं पाहून योग्य प्रोफाइल लावतो. पॅकेजबरोबर यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या यंत्रणेचा) नियमही येतो, त्यामुळे केबल जोडल्यावर हे बहुधा आपोआप होतं. बाहेरचं काहीच जोडलेलं नसतानाचं प्रोफाइलही जरूर ठेवा, नाहीतर प्रवासात लॅपटॉप उघडाल आणि अर्ध्या खिडक्या नसलेल्या मॉनिटरवर असतील. डॉकमुळे पोर्टांची नावं बदलत असतील तर --मॅच-ईडीआयडी हा पर्याय जोडा.

७. एनव्हिडियाचा ड्रायव्हर

एनव्हिडिया-सेटिंग्जमध्ये मांडणी करून 'अप्लाय' म्हटलं तर ती तेवढ्यापुरती. टिकवायची तर 'सेव्ह टू एक्स कॉन्फिगरेशन फाइल', आणि ती फाइल /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ (एक्स११मधला एक्स कॅपिटल) असल्याने प्रोग्रॅम सुडोने उघडावा लागतो. हे सगळं एक्स११पुरतं. वेलँडमध्ये ही फाइल कुणी वाचत नाही.

आणि हे करूनही लॉगिननंतर ग्नोम किंवा प्लाझ्मा आपली मांडणी लावणारच आहे. म्हणून माझं मत असं की डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी एक्सऑर्ग.कॉन्फच्या वाटेला जाऊच नये. कधीकाळी केलेली ती फाइल विसरून राहते, वर्षभराने ग्राफिक्स कार्ड बदलतं, आणि नवं मशीन काळ्या पडद्यावर अडतं. ती तुमच्याकडे असेल आणि का आहे ते आठवत नसेल तर नाव बदलून बाजूला ठेवा.

८. स्वे, हायपरलँडसारखे वेलँडचे विंडो मॅनेजर

इथे गोष्ट सोपी आहे. कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक मॉनिटरची एक ओळ लिहायची, संपलं. स्वेची ओळ अशी:

आउटपुट एचडीएमआय-ए-१ रिझोल्युशन १९२०एक्स१०८० पोझिशन १९२० ०

पोर्टाऐवजी मॉनिटरची कंपनी, मॉडेल आणि सीरियल मिळून होणारं नावही चालतं, आणि डॉक वापरणाऱ्यांनी तेच लिहावं. डब्ल्यूडिस्प्लेज या चित्रमय साधनाने केलेला बदल टिकत नाही, त्यातले आकडे पाहून कॉन्फिगमध्ये उतरवावे लागतात. घर-ऑफिस अशी अदलाबदल हवी असेल तर कान्शी. ऑटोरँडरचं काम वेलँडवर तो करतो.

९. हवं ते रिझोल्युशन यादीतच नसेल

आधी पायरी ३ पुन्हा वाचा, कारण दोष बहुधा केबल किंवा कन्व्हर्टरचाच. तरीही हवंच असेल तर एक्स११वर सीव्हीटी १९२० १०८० ६० अशी कमांड द्या. ती 'मोडलाइन'ने सुरू होणारी आकड्यांची एक ओळ देते. मोडलाइन या शब्दानंतरचं सगळं एक्सरँडआर --न्यूमोडच्या पुढे चिकटवा, मग --अॅडमोडने ते पोर्टाला जोडा. हेही सेशनपुरतंच, म्हणून पायरी ५ किंवा ६मधल्या स्क्रिप्टमध्ये मांडणीच्या ओळीच्या आधी या दोन ओळी घाला.

वेलँडवर हा मार्ग नाही. तिथे बहुधा कर्नललाच सांगावं लागतं. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये जीआरयूबी_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्ट (सगळं कॅपिटलमध्ये) या ओळीच्या अवतरणचिन्हांत जोडा:

व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०@६०

मग (उबंटू आणि मिंटवर) सुडो अपडेट-ग्रब आणि रीस्टार्ट. इथे नाव कर्नलच्या पद्धतीचंच हवं, मधल्या 'ए'सकट. याच ओळीचा आणखी एक उपयोग: लॅपटॉपचा स्वतःचा पडदा फुटलेला असेल आणि तो बाहेरच्या मॉनिटरवरच वापरत असाल, तर व्हिडिओ=ईडीपी-१:डी लिहून तो कायमचा बंद करता येतो. लॉगिन स्क्रीनही मग त्या फुटक्या पडद्यावर जात नाही.

१०. खरंच टिकतंय का ते तपासा

नुसतं रीस्टार्ट करून समाधान मानू नका, कारण प्रत्येक वेळी वेगळा घटक जागा होतो. या क्रमाने पाहा: लॉगआउट-लॉगिन, मग पूर्ण रीस्टार्ट, मग मशीन झोपवून उठवणं, मग केबल काढून घालणं, मग मॉनिटरचं बटण बंद-चालू, आणि शेवटी झाकण बंद-उघड.

लॉगआउटनंतर टिकतं पण रीस्टार्टनंतर नाही, तर ऑटोस्टार्टमधली स्क्रिप्ट किंवा लॉगिन स्क्रीन पाहा. रीस्टार्टनंतर टिकतं पण झोपेतून उठल्यावर नाही, तर संशय मॉनिटर, डॉक किंवा केबलवर. केबल काढून घातल्यावर बिघडतं, तर पोर्टाचं नाव बदलतंय का ते पाहा. फक्त झाकण बंद केल्यावर बिघडतं, तर त्या संचाची मांडणी अजून ठेवलेलीच नाही.

११. सगळंच गुंतलं असेल तर कोरी पाटी

दोन-तीन डेस्कटॉप टाकून पाहिलेल्या मशीनवर जुन्या फाइलींचा ढीग साचतो. आधी ~/.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट या फोल्डरात आणि .एक्सप्रोफाइलमध्ये मॉनिटरशी संबंधित काय आहे ते बघा आणि बाजूला काढा. ऑटोरँडर टाकलं असेल आणि डेस्कटॉप ग्नोम किंवा प्लाझ्मा असेल तर ऑटोरँडर काढा. मग आपल्या डेस्कटॉपची मांडणीची फाइल, पायरी ४मध्ये दिलेली, पुसू नका, नावापुढे .जुनी जोडून ठेवा. प्लाझ्मावर हे सेशनमधून बाहेर पडून, कंट्रोल-ऑल्ट-एफ३च्या कन्सोलवरून करा. लॉगिन करा, मांडणी एकदाच सेटिंगमधून लावा, 'कीप चेंजेस' आलं तर दाबा, आणि पायरी १०मधल्या पहिल्या दोन चाचण्या घ्या. चांगली मांडणी टिकली की त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. पुढच्या मोठ्या अपग्रेडनंतर मांडणी पुन्हा विस्कटली तर तीच फाइल परत जागेवर ठेवून लॉगआउट-लॉगिन केलं की बहुधा काम होतं.